लोखंडाच्या खाली

आईचा लोखंडी तवा माझ्याकडे आला तेव्हा त्याचा मधला भाग वर्षानुवर्षांच्या भाकऱ्यांनी आरशासारखा गुळगुळीत झाला होता आणि कडेला काळ्या थराची जाड किनार बसली होती. तापवून त्यावर पाण्याचा थेंब टाकायचा. थेंब पसरला तर अजून थांबायचं, नाचत पळाला तर भाकरी टाकायची. पावसाळ्यात ओला राहिला तर एका रात्रीत तांबूस गंज धरतो, मग चिंचेने घासून तेलाचा हात फिरवायचा. घासताना दर वेळी मला तीच गोष्ट सुचते. हा गंज म्हणजे अणूच्या बाहेरच्या अंगणातल्या इलेक्ट्रॉनांची देवघेव आहे. आत गाभ्यात बसलेल्या केंद्रकाला त्याचा पत्ताही नाही. ते पृथ्वीच्या जन्माआधी कुठल्या तरी ताऱ्यात घडलं, आणि तेव्हा जसं होतं तसंच आज माझ्या हाताखाली आहे.

लोखंडाची ही ओढ मला वर्गातून लागली. मी संगमनेरला ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. १९९८ साली आमच्याकडे ओव्हरहेड प्रोजेक्टर आला, तेव्हा मी पारदर्शक फिल्मवर पहिला आलेख काढला तो केंद्रकांच्या बंधनऊर्जेचा, म्हणजे केंद्रकातले कण किती घट्ट बांधलेत त्याचा. काळ्या मार्करने रेघ, लाल मार्करने नावं. हायड्रोजनपासून निघालेली रेघ हेलियमशी एकदम उसळी मारते, चढत चढत लोखंडाच्या आसपास माथ्यावर पोचते आणि तिथून युरेनियमकडे सावकाश उतरते. पुस्तकात हा डोंगर असाच छापलेला असतो. मी मात्र ती फिल्म हातात घेऊन उलटी ठेवायचे. डोंगराची दरी व्हायची आणि लोखंड तळाला जाऊन बसायचं. मुलांना ते लगेच पटायचं. डावीकडून हलकी केंद्रकं जुळत जुळत खाली येतात, त्या उतारावर सूर्य जळतो. उजवीकडून जड केंद्रकं फुटून खाली येतात, त्या उतारावर तारापूरची अणुभट्टी चालते. तळाशी आल्यावर मिळवण्यासारखं काही उरत नाही. मोठ्या ताऱ्याच्या पोटात लोखंड साचलं की त्याची भट्टी विझते ती त्यामुळेच.

काटेकोर बोलायचं तर बंधनऊर्जेत निकेल-६२ केसभर पुढे आहे, पण दर कणामागे वस्तुमान मोजलं तर लोह-५६ सर्वांत खाली. कणांचं वस्तुमान आणि ऊर्जा एकाच मापात मोजतात, एमईव्हीत. सुटा प्रोटॉन किंवा न्यूट्रॉन साधारण ९३९ एमईव्हीचा. तोच लोखंडाच्या केंद्रकात बांधला गेला की त्याच्या वाट्याला ९३० उरतात. हा ९३० चा आकडा लक्षात ठेवावा, पुढे लागणार आहे.

बऱ्याच वर्षांपूर्वी, फिल्म अशी उलटी ठेवलेली असताना, मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारलं, "मॅडम, याच्या खाली काहीच नाही कशावरून?"

मी म्हणाले, मोजलंय म्हणून. तो म्हणाला, "जेवढे अणू आपल्याकडे आहेत तेवढेच मोजलेत ना?"

घंटा झाली. मुलगा पुढे इंजिनिअर होऊन गेला. त्याचा प्रश्न माझ्याकडे राहिला, आणि तो वाचत वाचत मी ज्या दाराशी पोचले त्यावर लिहिलं होतं: स्ट्रेंज क्वार्क द्रव्य. 'विचित्र द्रव्य' असं मराठी करता येईल, पण विचित्र म्हटलं की आपण तोंड वाकडं करतो, म्हणून मी स्ट्रेंजच म्हणते.

गोष्ट अशी. प्रोटॉन आणि न्यूट्रॉन प्रत्येकी तीन क्वार्कांचे. प्रोटॉनमध्ये दोन अप आणि एक डाऊन, न्यूट्रॉनमध्ये एक अप आणि दोन डाऊन. तवा, मी, संगमनेरचा प्रवराकाठ, सगळं या दोन जातींच्या क्वार्कांवर आणि भोवतीच्या इलेक्ट्रॉनांवर चाललंय. तिसरी जात म्हणजे स्ट्रेंज. ती जड. अपचं वस्तुमान दोनेक एमईव्ही, डाऊनचं पाचेक, आणि स्ट्रेंजचं ९५ च्या आसपास. स्ट्रेंज क्वार्क असलेला लॅम्डा नावाचा कण साधारण पाव नॅनोसेकंदात मोडतो. मग जड आणि अल्पायुषी क्वार्क घालून केलेलं द्रव्य लोखंडापेक्षा खाली कसं असू शकेल? उलट ते महाग पडायला हवं.

इथे मला आजीच्या माजघरातल्या उतरंडी आठवतात. भिंतीशी दोन उतरंडी होत्या, मडक्यावर मडकं, वरच्याला हात पुरायचा नाही. क्वार्कांचं तसंच आहे. एका जातीचे दोन क्वार्क एकाच जागी, एकाच अवस्थेत राहू शकत नाहीत. हा पाउलीचा नियम, त्याला अपवाद नाही. द्रव्य अतोनात दाबलं, प्रोटॉन-न्यूट्रॉनच्या भिंती विरघळल्या आणि क्वार्क मोकळे झाले, की अपची एक रास आणि डाऊनची एक रास उभी राहते. नवा क्वार्क आला की तो वरच ठेवावा लागतो, आणि वर म्हणजे जास्त ऊर्जेला. घनता वाढली की या राशींचा माथा ३०० एमईव्हीच्या पार जातो. अशा वेळी तिसरी उतरंड मांडायला भिंतीशी जागा आहे. तिथलं मडकं ९५ ने जड आहे हे खरं, पण ते जमिनीवर ठेवायचंय! दोन उंच राशींवरची मडकी उतरवून तिसरी रास लावली तर एकूण उंची कमी होते. स्ट्रेंज क्वार्कला वस्तुमानच नाही असं धरून गणित केलं तर दर कणामागची ऊर्जा दहा-अकरा टक्क्यांनी उतरते. केंद्रकांच्या जगात हा उतार फार मोठा आहे. लोखंडाची सगळी मिजास जेमतेम एक टक्क्याची आहे.

आणि एवढ्या दाटीत स्ट्रेंज क्वार्क मोडतही नाही. मोडून त्याने अप किंवा डाऊन व्हायचं, तर त्या राशींवर खालच्या सगळ्या जागा भरलेल्या. पाव नॅनोसेकंदाचा पाहुणा जागाच नसल्यामुळे कायमचा राहतो.

ए. आर. बोडमर यांनी १९७१ साली हे सुचवलं. आपली केंद्रकं हीच शेवटची अवस्था कशावरून, त्यांच्या खाली एक कोसळलेली, घट्ट अवस्था असू शकेल, असं त्यांनी लिहिलं. त्याकडे फारसं कोणी पाहिलं नाही. १९८४ मध्ये एडवर्ड विटन यांनी स्वतंत्रपणे हीच शक्यता मांडली, तीही विश्वाच्या आरंभाला जोडून. त्याच वर्षी एडवर्ड फार्ही आणि रॉबर्ट जॅफी यांनी आकडे घालून पाहिलं. गणितासाठी त्यांनी क्वार्कांना एका पिशवीत कोंडलं. फर्मी म्हणजे केंद्रकाच्या जगातली लांबी मोजायचं माप. पिशवी फुगवायला दर घनफर्मीमागे किती ऊर्जा लागते, तो या हिशोबातला कळीचा आकडा. तो ५७ एमईव्हीपेक्षा कमी असता तर नुसत्या अप-डाऊनचीच रास लोखंडाच्या खाली गेली असती, आणि आपली केंद्रकं केव्हाच विरघळली असती. ती विरघळलेली नाहीत, म्हणून आकडा ५७ च्या वर. तो ९० च्या आसपास पोचला की स्ट्रेंज द्रव्याचाही दर ९३० च्या वर जातो आणि लोखंड पुन्हा तळाशी. मधल्या पट्ट्यात आकडा असेल तर स्ट्रेंज द्रव्य लोखंडाच्या खाली. स्ट्रेंज क्वार्कचं खरं वस्तुमान घातलं की पट्टा आणखी आकसतो, पण मिटत नाही.

मला या हिशोबाची सगळ्यात भावणारी गोष्ट म्हणजे त्याचा प्रामाणिकपणा. तळ कुठला आहे हे सांगता येत नाही असं तो सरळ सांगतो. चाळीस वर्षं झाली, अजून सांगता येत नाही. क्वार्कांना बांधणाऱ्या बलाचं समीकरण आपल्याकडे आहे, ते बरोबरही आहे. पण दाट थंड द्रव्यासाठी ते महासंगणकावर सोडवायला गेलं की बेरजेतल्या धन आणि ऋण पदांची एकमेकांशी इतकी काटाकाट होते की हाती उत्तरच उरत नाही. २०१८ मध्ये तर तिघा संशोधकांनी असंही दाखवलं की स्ट्रेंजची गरजच नसेल, प्रोटॉन-न्यूट्रॉन मिळून तीनशेच्या पलीकडे गेलं की नुसत्या अप-डाऊनचं द्रव्यही स्थिर असू शकेल. म्हणजे लोखंडाच्या खाली कोण, यासाठीही दोन दावेदार.

आता पहिली शंका. तळ खाली असेल तर माझा तवा तिकडे का घसरत नाही?

लोह-५६ च्या केंद्रकात १६८ क्वार्क आहेत, ८२ अप आणि ८६ डाऊन. स्ट्रेंज द्रव्य व्हायचं तर साधारण तिसरा हिस्सा, म्हणजे ५६ क्वार्क, स्ट्रेंज व्हायला हवेत. ते एकेक करून होत नाहीत, कारण पहिली पायरी खाली नाही, वर जाते. केंद्रकातला एक न्यूट्रॉन लॅम्डा झाला की तो १७५ एमईव्हीहून अधिक महाग पडतो. अशी एका लॅम्डाची केंद्रकं खरोखर सापडली आहेत. पोलंडमध्ये मारियान दानिश आणि येर्झी प्निएव्स्की यांना १९५२ साली छायाचित्रणाच्या इमल्शनच्या थरात अशा केंद्रकाचा पहिला मागोवा दिसला. ती क्षणात मोडून परत येतात. खाली उतरायचं तर पन्नासेक क्वार्कांनी एकदम रूप बदलायला हवं, आणि जात बदलण्याचं काम क्षीण बलाकडे, निसर्गाच्या मूळ बलांपैकी नावाप्रमाणेच दुबळ्या बलाकडे. त्या बलाकडून पन्नास वेळा एकाच क्षणी काम करून घ्यायला जेवढा काळ लागेल त्यापुढे विश्वाचं वय पळभराचंही नाही.

माझ्या अंगठीत हिऱ्याचा एक लहान खडा आहे. हिरा खोलीच्या तापमानाला आणि दाबाला खरं तर तळाशी नसतो. तळाशी असतं ग्रॅफाइट, पेन्सिलीतलं. फरक अगदी थोडा आहे, पण मधली भिंत उंच आहे, म्हणून हिरा हिराच राहतो. पुस्तकी शब्द आहे 'मितस्थायी'. मुलं तो पाठ करतात आणि विसरतात. आपण रोजच्या बोलण्यात या सगळ्याला एकच शब्द वापरतो, स्थिर.

आई शेवटच्या आजारपणात नऊ दिवस अतिदक्षता विभागात होती. रोज सकाळी डॉक्टर बाहेर येऊन सांगायचे, "स्टेबल आहेत." मी दिवसभर तो शब्द धरून बाकावर बसायचे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी माझ्या लक्षात आलं की मी दुसऱ्यांना शिकवते तो शब्द मला नीट कळलेलाच नव्हता. डॉक्टर काही खोटं सांगत नव्हते. आज उतार लागलेला नाही एवढंच ते सांगत होते. पुढे उतार नाही असं ते कधीच म्हणाले नाहीत, ते मीच ऐकत होते. त्या वर्षापासून वर्गात मी 'स्थिर' म्हटलं की थांबते. तळाला पोचलंय म्हणून स्थिर, की वाट अडलीय म्हणून स्थिर, हे मुलांना विचारते. लोखंडाचं नाव आलं की मात्र माझ्याकडेच उत्तर नसतं.

'स्ट्रेंज' हे नाव पडलं त्याची कथा आपल्या जवळून जाते. मँचेस्टर विद्यापीठात पॅट्रिक ब्लॅकेट यांच्या प्रयोगशाळेत जॉर्ज रोचेस्टर आणि क्लिफर्ड बटलर मेघपेटीत, म्हणजे कणांचा माग धुक्याच्या रेघेने दाखवणाऱ्या पेटीत, वैश्विक किरणांची, अवकाशातून येणाऱ्या वेगवान कणांची, छायाचित्रं घेत होते. सुमारे पाच हजार छायाचित्रांतल्या दोनांत इंग्रजी व्ही अक्षरासारखा फाटा दिसला. १९४७ च्या डिसेंबरात ते प्रसिद्ध झालं. हे कण जन्मायचे झटकन, मोडायचे मात्र सावकाश. एवढ्या घाईने जन्मणाऱ्याने तेवढ्याच घाईने मरायला हवं, तसं होईना, म्हणून ते विचित्र. १९५३ मध्ये मरे गेल-मान आणि काझुहिको निशिजिमा यांनी त्या विचित्रपणाला एक अंक दिला, १९६४ मध्ये क्वार्क आले, आणि तो अंक म्हणजे आत स्ट्रेंज क्वार्क किती याची मोजदाद ठरली.

त्याच वर्षांत त्याच विभागात एक बंगाली बाई वैश्विक किरणांच्या वर्षावावर प्रबंध लिहीत होत्या, बिभा चौधरी. त्याआधी कलकत्त्यात देवेंद्रमोहन बोस यांच्याबरोबर त्यांनी दार्जिलिंगला आणि सांदकफूच्या डोंगरावर छायाचित्रणाच्या काचा महिनोन्महिने उघड्यावर ठेवल्या होत्या, त्यांवर उमटलेल्या रेघांवरून मेसॉन नावाच्या कणाचं वस्तुमान काढलं होतं. युद्धामुळे हव्या तशा काचा मिळेनात, काम थांबलं. पुढे चांगल्या इमल्शनवर सेसिल पॉवेल यांनी तीच पद्धत पुढे नेली आणि १९५० चं नोबेल त्यांना मिळालं. बिभाताई १९४९ मध्ये मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाल्या, तिथल्या पहिल्या स्त्री संशोधक. मी एम.एस्सी.ला असताना कोणत्याही पुस्तकात मला त्यांचं नाव भेटलं नाही. २०१९ मध्ये एका ताऱ्याला 'बिभा' नाव मिळालं तेव्हा ते मी वर्गात फळ्यावर लिहिलं आणि आठवडाभर पुसू दिलं नाही.

आता भीतीची गोष्ट. १० सप्टेंबर २००८, जिनिव्हाजवळचा मोठा त्वरक, कणांना प्रचंड वेग देऊन एकमेकांवर आदळवणारं यंत्र, सुरू होणार होता. गणपतीचे दिवस होते. टीव्हीवर आठवडाभर पृथ्वीचा नाश दाखवत होते, लाल अक्षरांत उलटी मोजणी. शेजारच्या काकू आरती आटोपून आमच्याकडे आल्या. पंचाहत्तरी उलटलेल्या. दारातच म्हणाल्या, "अगं, ते यंत्र सुरू झालं की सगळं गिळून टाकणार म्हणे. खरं का गं?"

मी त्यांना बसवलं आणि जे सांगितलं ते विरजणाच्या भाषेत, कारण ते खरोखरच विरजणासारखं आहे. समजा स्ट्रेंज द्रव्याचा एक कण आहे आणि तो खरंच लोखंडाच्या खाली आहे. त्याला एक न्यूट्रॉन भेटला की तो त्याला सामावून घेईल, थोडी ऊर्जा बाहेर टाकेल आणि एकाने मोठा होईल. मग पुढचा. भांडंभर दुधात चमचाभर विरजण पडल्यावर जे होतं ते. काकूंचे डोळे मोठे झाले. मग मी म्हणाले, पण विरजण आणि दूध यांना एकमेकांजवळ यायलाच मनाई आहे. स्ट्रेंज क्वार्क जड असल्यामुळे तो राशीत थोडा कमी पडतो, म्हणून अशा कणावर बहुतेक हिशोबांत थोडासा धनभार उरतो. आपली सगळी केंद्रकंही धनभारित. दोन्ही एकमेकांना दूर लोटतात. ताऱ्याच्या पोटातल्या तापमानाखेरीज ती भेट घडत नाही.

"आणि भार उलटा निघाला तर?" हा प्रश्न काकूंनी नाही विचारला, माझा मीच विचारला, कारण तोच खरा प्रश्न आहे. ऋणभारित कण केंद्रकांना ओढून घेईल. अमेरिकेत ब्रुकहेवनचा त्वरक सुरू होण्याआधी, १९९९ मध्ये, हीच शंका जाहीरपणे निघाली. तिथे चार भौतिकशास्त्रज्ञांची समिती बसली, जॅफी त्यांतले एक. त्यांनी शंका हसण्यावारी नेली नाही याचा मला फार आदर वाटतो. सिद्धांतावर भिस्त न ठेवता त्यांनी आभाळाकडे बोट दाखवलं. वैश्विक किरणांतली लोखंडाची केंद्रकं प्रचंड वेगाने चंद्रावर आदळताहेत, अब्जावधी वर्षं. चंद्राला ना हवा, ना पुरेसं चुंबकीय क्षेत्र, ना आडोसा. त्वरकात जे घडवायचंय ते तिथे घडून गेलंय, पुन्हा पुन्हा. आणि चंद्र आहे.

मी काकूंना गॅलरीत नेलं. भाद्रपदातली दशमी होती, ढग फाटले तसा चंद्र दिसला. काकूंनी हात जोडले. घरी जाताना म्हणाल्या, "हे टीव्हीवर का नाही सांगत?" मला उत्तर देता आलं नाही, आणि त्या वेळचा संताप अजून गेलेला नाही. त्या आठवड्यात माझ्या वर्गातल्या दोन मुली रडत होत्या. इतका सुंदर आणि इतका सोपा युक्तिवाद हाताशी असताना मुलांना रडवायचं?

विरजणाला जिथे खरंच मज्जाव नाही अशी जागा म्हणजे न्यूट्रॉन तारा, मोठा तारा कोसळल्यावर उरलेला न्यूट्रॉनांचा अतिदाट गोळा. न्यूट्रॉनवर भारच नाही. स्ट्रेंज द्रव्य खरोखर तळाशी असेल आणि त्याचा एक कण ताऱ्याच्या आत जन्मला किंवा बाहेरून पडला, तर सबंध तारा लागून जाईल आणि स्ट्रेंज तारा होईल. यावरून १९९१ मध्ये एक कठीण आक्षेप आला. रॉबर्ट काल्डवेल आणि जॉन फ्रीडमन म्हणाले, असे दोन तारे एकमेकांवर आदळले तर तुकडे आकाशगंगाभर उडतील, ते प्रत्येक न्यूट्रॉन ताऱ्यात पडतील, म्हणजे मग सगळेच तारे स्ट्रेंज असायला हवेत. एक तरी साधा न्यूट्रॉन तारा ठामपणे दाखवा, आणि सगळी कल्पनाच कोलमडते.

तसा तारा दाखवता येतो का? इथे संगमनेरहून तासा-दीड तासावरचं खोडद येतं. फेब्रुवारीच्या शेवटी विज्ञान दिनाला तिथल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीची दारं सगळ्यांना उघडी असतात. दर वर्षी मी मुलांना एसटीने घेऊन जाते. ४५ मीटर व्यासाच्या त्या जाळीदार ताटल्या शेतांच्या वर वळताना पाहून मुलं गप्प होतात. स्पंदक म्हणजे फिरता फिरता रेडिओचे ठोके देणारा न्यूट्रॉन तारा, त्याचे ठोके ध्वनीत ऐकवतात. वेला स्पंदक सेकंदाला ११ वेळा फिरतो, त्याची घरघर ऐकू येते. हे ठोके हळूहळू मंदावत जातात, आणि मधूनच तारा दचकल्यासारखा क्षणात थोडा वेग घेतो. त्या दचक्यांची नोंद उटी आणि खोडदच्या दुर्बिणींवर नियमित होते. न्यूट्रॉन ताऱ्याला जाड कवच असतं, कवचाच्या आत घर्षणाशिवाय फिरणारं द्रव्य असतं, ते साठलेली फिरक एकदम कवचाला देऊन टाकतं, असं या दचक्यांचं स्पष्टीकरण आहे. स्ट्रेंज ताऱ्याला असं कवच नाही. त्याचा पृष्ठभाग फर्मीभर जाडीत संपतो, वर इलेक्ट्रॉनांचा पातळ पदर, आणि त्या पदराने तोलून धरलेला साध्या द्रव्याचा हलका पापुद्रा. तेवढ्या पापुद्र्याने वेलासारखे दचके बसणं अवघड. मेहमत अली अल्पार यांनी हे १९८७ मध्येच म्हटलं होतं. म्हणजे खोडदला ऐकू येणारा तो दचका लोखंडाच्या बाजूने साक्ष देतो. अंतिम नाही, पण माझ्या मते आजवरच्या साक्षींत सर्वांत वजनदार.

विरुद्ध बाजूचीही एक साक्ष आहे. न्यूट्रॉन ताऱ्याला गुरुत्वाकर्षण बांधतं, म्हणून तो हलका असला तर सैल, मोठा. स्ट्रेंज द्रव्य स्वतःच स्वतःला बांधतं, थेंबासारखं, म्हणून तिथे हलका तारा लहान. २०२२ मध्ये जर्मनीतल्या ट्युबिंगेनच्या गटाने एचईएसएस जे१७३१-३४७ या फुटलेल्या ताऱ्याच्या अवशेषातल्या न्यूट्रॉन ताऱ्याचं मोजमाप दिलं: सूर्याच्या ०.७७ पट वस्तुमान आणि त्रिज्या जेमतेम १०.४ किलोमीटर. इतका हलका आणि इतका आटोपशीर! वाचलं त्या रात्री मला झोप आली नाही. पण हे आकडे ताऱ्याचं अंतर काय धरलं आणि त्याचं वातावरण कशाचं मानलं यावर उभे आहेत, आणि त्यांवर वाद आहे. २००२ मध्येही अमेरिकेतून एका ताऱ्याबद्दल अशीच मोठी घोषणा झाली होती, पुढे त्याची त्रिज्या मोठी असल्याचं दिसून ती मागे पडली. म्हणून मी वाट पाहते.

तुकडे पृथ्वीजवळ येतात का, हेही लोकांनी सोडलेलं नाही. मिलीमीटरभर मोहरीएवढा तुकडा दोन लाख टनांचा भरेल. तो पृथ्वीच्या एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने निघून जाईल, वाटेत एका सरळ रेषेतला भूकंप ठेवून. टेक्ससच्या एका गटाला १९९३ च्या भूकंपनोंदींत असे दोन माग दिसल्यासारखे वाटले, मग एका केंद्राचं घड्याळच त्या काळात चुकीचं चालत होतं असं लक्षात आलं आणि त्यांनी दावा मागे घेतला. येल विद्यापीठात चंद्रावरून आणलेली १५ ग्रॅम माती त्वरकातून गाळून पाहिली, २००९ मध्ये निकाल आला, काही नाही. अवकाश स्थानकावर २०११ पासून एएमएस हा शोधक बसलाय, वस्तुमान भरपूर आणि भार अगदी कमी असा कण येतो का पाहत.

आणि सांदकफू. कोलकात्याच्या बोस इन्स्टिट्यूटमध्ये शिवाजी राहा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० सालाच्या सुमाराला गणित मांडलं की वैश्विक किरणांतून आलेला स्ट्रेंज कण वातावरणात वाटेतले न्यूट्रॉन गोळा करत, फुगत, डोंगरमाथ्यापर्यंत पोचू शकेल. मग त्यांनी दार्जिलिंगला आणि साडेतीन हजार मीटरच्या वर सांदकफूला शोधक मांडले, ज्या डोंगरावर बिभाताईंच्या काचा होत्या तिथेच. शोधक म्हणजे प्लास्टिकच्या पातळ फिल्मा. वीज नाही, तार नाही. धुक्यात, बर्फात महिनोन्महिने नुसत्या ठेवायच्या. प्रोटॉन, अल्फा असे हलके कण त्यांवर ओरखडाही काढू शकत नाहीत, जड आणि भारित कण गेला तरच आत इजा होते. मग खाली आणून फिल्म गरम कॉस्टिक सोड्यात ठेवायची. इजा झालेली जागा आधी खाल्ली जाते, बारीक खळगा पडतो, आणि कोणीतरी सूक्ष्मदर्शकाखाली तासन्‌तास एकेक खळगा मोजत बसतं. हवा तो खळगा अजून सापडलेला नाही.

त्या फिल्मा कोणत्या, हे वाचताना मी थबकले. बाजारात मिळणाऱ्या, ओव्हरहेड प्रोजेक्टरवर वापरायच्या पारदर्शक फिल्मा. त्यांनी तपासून पाहिलं तेव्हा या कामासाठी त्याच उत्तम ठरल्या.

आमच्या कॉलेजातला प्रोजेक्टर केव्हाच भंगारात गेला. फिल्मा मात्र मी घरी आणून कपाटात ठेवल्या होत्या, वर्तमानपत्रात गुंडाळून. त्या संध्याकाळी काढल्या. पहिलीच तीच निघाली, १९९८ ची. काळी रेघ तपकिरी पडलीय, लाल नावं जवळजवळ गेलीत, 'लोखंड' मधला 'खं' तेवढा स्वच्छ राहिलाय. खिडकीतल्या उजेडासमोर धरली आणि सवयीने उलटी केली. दरीच्या खाली, फिल्मच्या काठापर्यंत, चार बोटं कोरी जागा होती. बोटाने चाचपून पाहिली. गुळगुळीत होती.